छतातलं पाणी, दारावरचं कुलूप
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी सांगितलं, की पुढच्या वेळी मी रेडिओवर स्प्रिंकलरबद्दल बोलणार आहे. एक काकू लगेच म्हणाल्या, "बोल बाई, आमच्या हरभऱ्याले पानी चालूच हाये. नोझल लय बुजते." सगळ्या हसल्या. मीही हसले. आपल्या वर्धा जिल्ह्यात स्प्रिंकलर म्हटलं की वावरातले काळे पाईप, थंडीतली रात्रीची लाईन आणि चिखलातून पाईप उचलून दुसऱ्या तासात टाकणारे आपले हात, हेच डोळ्यांसमोर येतं.

आज मी दुसऱ्या स्प्रिंकलरबद्दल बोलणार आहे. तो घरात असतो, छताला असतो. वर्षानुवर्षं तो काहीच करत नाही. ज्या रात्री खोलीत आग लागते, त्या रात्री कोणी बटन दाबायच्या आधी तो पाणी सोडतो. मोठी दुकानं, मोठे दवाखाने, उंच इमारती इथे तुम्ही तो पाहिला असेल. छतातून खाली आलेली छोटीशी पितळी टोटी, तिच्यात लाल रंगाची काचेची बारीक कांडी. आपल्याला वाटतं दिव्याचं काहीतरी असेल.

तुम्ही म्हणाल, आमचं टिनाचं घर, आमच्या घरी कुठे असं यंत्र? बरोबर आहे. आपल्या घरी ते नाही. पण आपल्या मुली आता घरीच राहतात का? कोणी नागपूरला नर्सिंगला आहे, कोणी वर्ध्याला डी.एड.ला, कोणी पुण्यात कंपनीत. कोणाची आश्रमशाळेत आहे, कोणाची समाजकल्याणच्या वसतिगृहात, कोणाची चार जणींत एक खोली भाड्याने घेऊन. आपण गटातून कर्ज काढतो ते त्यांच्या फीसाठी आणि त्यांच्या होस्टेलसाठी. पैसे आपले आणि पोरगी आपली. मग ती ज्या छताखाली झोपते, त्या छताकडे एकदा मान वर करून पाहायला नको का?

आधी आपल्या विदर्भातलीच एक रात्र आठवू. ९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातला नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. मध्यरात्र उलटल्यावर तिथे आग लागली. आत १७ बाळं होती. सात बाळांना बाहेर काढता आलं, दहा गेली. त्यांतली बहुतेक धुरानं गुदमरली. दिवसभर मजुरी करून पोट भरणाऱ्या, आपल्यासारख्याच बायांची ती लेकरं होती. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका दवाखान्यात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागांना आग लागली आणि माणसं गेली. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी होती. आत असलेल्यांना स्वतःहून उठून पळता येत नव्हतं.

झोपलेल्या माणसाचंही तसंच असतं. आगीत माणूस जळून मरतो असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा धूर आधी पोचतो. जळत्या गादीचा, प्लास्टिकचा, वायरचा धूर विषारी असतो. झोपेत वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नका. हा धूर जागं करण्याऐवजी गुंगी आणतो. आणि गादी-उशी पेटली की काही मिनिटांत अख्खी खोली पेट घेते. आता हिशोब करा. बंब असतो नगरपालिकेच्या गावी. फोन लागायला वेळ, पत्ता सांगायला वेळ, रस्त्याला वेळ. बंबवाले कितीही धावले तरी ती पहिली पाच-सात मिनिटं त्यांच्या हातात नसतात. म्हणून पाणी आधीपासूनच खोलीत, डोक्यावर तयार ठेवायचं, एवढीच स्प्रिंकलरमागची अक्कल आहे.

हे चालतं कसं ते सांगते, कारण वावरातला स्प्रिंकलर ज्यांना कळतो त्यांना हाही लगेच कळेल. छताजवळून लोखंडी पाईप जातो. त्यात पाणी कायम भरलेलं असतं, दाबासकट. पाईपला ठरावीक अंतरावर टोट्या. प्रत्येक टोटीचं तोंड एका बुचानं बंद, आणि ते बूच जागेवर धरून ठेवते ती काचेची कांडी. कांडीत रंगीत द्रव असतो. खाली आग लागली की गरम हवा वर चढते. छताजवळची हवा तापून कांडी साधारण ६८ अंशांपर्यंत तापली, की आतला द्रव फुगतो, काच फुटते, बूच पडतं आणि पाणी सुटतं. खाली एक दातेरी चकती असते, तिच्यावर आपटून पाणी पावसासारखं पसरतं. मिनिटाला साधारण ६० ते ८० लिटर. म्हणजे दर मिनिटाला चार-पाच बादल्या, आणि त्याही नेमक्या आगीवर. ६८ अंशांची कांडी लाल असते. जिथे मुळातच उष्णता जास्त, जसं की स्वयंपाकघर, तिथे जास्त तापमानाला फुटणारी कांडी लावतात. ७९ अंशांची पिवळी, ९३ अंशांची हिरवी.

याबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात. पहिला, की एक टोटी फुटली की सगळ्या घरभर पाणी. सिनेमात तसं दाखवतात. खरं म्हणजे जिथे आग तिथलीच टोटी उघडते. शेजारच्या खोलीतली कांडी तापली नाही तर ती तशीच राहते. बऱ्याच आगी एक-दोन टोट्यांतच आटोक्यात येतात. दुसरा, की उदबत्ती लावली, फोडणी दिली, धूर झाला की पाणी सुटेल. नाही. त्याला धूर कळत नाही, फक्त उष्णता कळते. म्हणूनच धुराची वेगळी घंटा लागते. घंटा माणसाला उठवते, पाणी आगीला दाबून धरते. दोन्ही असल्या तर माणूस वाचतो.

आणि ऐका, या यंत्राचं आपल्याशी जुनं नातं आहे. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आपोआप उघडणारे स्प्रिंकलर तयार झाले, तेव्हा ते घरांसाठी नव्हते. ते सगळ्यात आधी जिथे लागले त्यात होत्या कापसाच्या गिरण्या. कापूस म्हणजे आगीचं जेवण. हिंगणघाट, पुलगावकडच्या बायांना हे सांगायला नको. जिनिंगमध्ये एका ठिणगीनं काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. गिरणीमालकांनी आणि विमा कंपन्यांनी आधी कापूस वाचवायला पाणी छताला नेलं. माणूस जिथे झोपतो त्या घरात ते यायला आणखी शंभर वर्षं लागली. इंग्लंडशेजारच्या वेल्स या छोट्या देशानं २०१६ पासून प्रत्येक नव्या घरात स्प्रिंकलर सक्तीचा केला. दीड वर्षानं शेजारच्याच लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर ही २४ मजल्यांची इमारत जळाली, ७२ माणसं गेली. त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. ही मी घरीसुद्धा सांगितलेली नाही.

मी बी.ए. करत होते तेव्हा एका घराच्या माडीवर आम्ही अकरा मुली भाड्यानं राहत होतो. नाव सांगत नाही, घर कोणाचं तेही सांगत नाही. माझ्या बाबांनी ती जागा का पसंत केली? कारण जिन्याला लोखंडी सरकतं दार होतं आणि रात्री नऊला घरमालकीण त्याला कुलूप लावायची. सगळ्या खिडक्यांना गज. बाबा खुश झाले. "सुरक्षित आहे," म्हणाले. किल्ली मालकिणीच्या उशाखाली.

एप्रिलचा महिना, परीक्षा चालू. एका मुलीनं रात्री चहासाठी विजेची शेगडी लावली, ती तशीच राहिली आणि तिला झोप लागली. बोर्ड पेटला, बोर्डवरून पडदा, पडद्यावरून गादी. ती मुलगी खोकत, ओरडत बाहेर आली. आम्ही सगळ्या जिन्याकडे धावलो, तर कुलूप. मालकीण खाली कूलरसमोर झोपलेली. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचा एप्रिल आणि आपल्याकडचे कूलर. त्या आवाजात तिला आमचं ओरडणं ऐकूच गेलं नाही. आम्ही स्टीलच्या ताटांनी ते दार बडवलं. मेन स्विच खाली, म्हणजे कुलपाच्या पलीकडे. शेवटी समोरच्या घरातल्या एका आजोबांनी तिच्या खिडकीवर दगड मारला, तेव्हा ती उठली. कुलूप उघडेपर्यंत किती वेळ गेला ते कोणी मोजलं नाही. मला ती पूर्ण रात्र वाटली.

आम्ही वाचलो त्याचं कारण आमच्यातल्या एकीनं बाहेर येताना त्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं. का ओढलं, तिलाच ठाऊक नव्हतं. दार बंद असल्यानं आग आणि धूर बराच वेळ आतच राहिला. एक खाट, गादी, कपडे, दोघींच्या नोट्स जळाल्या. कोणी गेलं नाही, म्हणून ती बातमी कुठे आली नाही.

आणि घरी आम्ही कोणीच सांगितलं नाही. का, ते तुम्हाला कळलं असेल. सांगितलं असतं तर अकरापैकी निम्म्या मुलींचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. "चला घरी, झालं तेवढं पुरे." मीही त्यात असते. मग आज तुमच्यासमोर बोलायला मी नसते. आई आज ऐकत असेल. आई, रागावू नको.

पण आम्ही गप्प बसलो म्हणून काय झालं? दुसऱ्या दिवशी मालकिणीनं भिंतीला चुना लावला, शेगडीला बंदी घातली आणि रात्री नऊला पुन्हा कुलूप लावलं. पुढच्या वर्षी नव्या मुली आल्या. त्यांच्या बाबांनीही कुलूप पाहून "सुरक्षित आहे" म्हटलं असेल.

हे एकट्या माझ्या होस्टेलचं दुखणं नाही. २२ फेब्रुवारी २०२० ला चंदीगडमध्ये मुली भाड्यानं राहत असलेल्या एका घराला आग लागली, तीन मुली गेल्या. १२ सप्टेंबर २०२४ ला पहाटे तमिळनाडूत मदुराईच्या महिला वसतिगृहात आग लागली, किमान दोघी गेल्या. ही घरं नेहमीच्या राहत्या वस्तीतलीच होती. घराचं होस्टेल करायला काय लागतं? चार खाटा आणि एक पाटी.

गेल्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईच्या मुलीला नागपूरला प्रवेश मिळाला. ताई म्हणाली, "मॅडम, तुम्ही संग चला." एका दिवसात आम्ही चार होस्टेलं पाहिली. तीन ठिकाणी छताला पंख्याशिवाय काही नव्हतं. चौथ्या ठिकाणी, सहा मजली इमारतीत, स्प्रिंकलर होते. मला फार आनंद झाला. मग नीट पाहिलं. एका टोटीला दोरी बांधून मुलींनी ओल्या ओढण्या वाळत घातल्या होत्या. दुसरीवर रंगाचा थर बसलेला. मी व्यवस्थापकाला म्हटलं, पंप दाखवा. तो कुरकुरला, पण दाखवला. पाईपवरचा दाबाचा काटा शून्यावर. "मागं गळत होतं म्हणून वॉल बंद केला," म्हणाला. म्हणजे छतात पाईप होता, टोट्या होत्या, आत पाणी नव्हतं. वावरात इंजिन बंद ठेवून नोझलकडे बघत बसावं, तसं.

ताई मात्र प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होती. "रात्री कुलूप कवा लावता जी?" आणि प्रत्येक मालक अभिमानानं सांगायचा, "साडेआठला, किल्ली माझ्याकडे." परत येताना बसमध्ये मी तिला माझी कुलपाची गोष्ट सांगितली. तुमच्या आधी ती तिनंच ऐकली. ती खूप वेळ बोलली नाही. हिंगण्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, "मॅडम, पोरीची जात हाये. कुलूप नसन तर रात्री झोप येनार नाही मले. आन कुलूप असन तरी आता येनार नाही."

यावर उत्तर आहे. कुलूप बाहेरच्यासाठी असावं, आतल्यासाठी नसावं. बाहेरून किल्लीशिवाय उघडणार नाही, पण आतून नुसती कडी फिरवली की उघडेल, असं कुलूप बाजारात साधं मिळतं. हे माझं मत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्पष्ट लिहिलं आहे, की बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. मुलगी रात्री बाहेर जाईल अशी भीती असेल तर दाराला घंटा लावा, दार उघडलं की वाजेल. पण तिला कोंडू नका.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. त्या तीन होस्टेलांपैकी एकीच्या मालकिणीनं ऐकून घेतलं. तिच्याकडे स्प्रिंकलर नव्हते, ते बसवणं तिला झेपणारंही नव्हतं. पण तिनं आतून उघडणारं कुलूप बसवलं, प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा लावली, आणि मागच्या जिन्यात रचलेल्या जुन्या खाटा भंगारात दिल्या. ताईनं मुलीसाठी पहिल्या मजल्यावरची खोली घेतली. महिन्याला चारशे रुपये जास्त पडतात. ते गटाच्या कर्जात धरले. गटात यावर वाद झाला, ते लपवत नाही. "चारशे रुपयांत माही महिन्याची भाजी होते," असं एक जण म्हणाली. शेवटी मंजूर झालं.

येत्या जून-जुलैत तुमच्यापैकी किती जणी अशा खोल्या पाहायला जातील. म्हणून प्रश्न सांगते. वहीत लिहून घ्या, नाहीतर मुलीला लिहायला सांगा.

पहिला प्रश्न: रात्री दार आतून किल्लीशिवाय उघडतं का? नुसतं विचारू नका, मुलीला उघडून पाहायला लावा.

दुसरा: बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का? दुसरा जिना, गच्ची, काहीही. आणि तो मोकळा आहे का? जिन्यात सिलेंडर, गाद्या, गाड्या ठेवलेल्या असतील तर तो जिना नाही, ती खोली आहे. खिडकीच्या गजाला एक तरी झडप आतून उघडणारी असावी.

तिसरा: धुराची घंटा आहे का? तिच्यावर बटन असतं, दाबून वाजवून दाखवा म्हणा.

चौथा: स्प्रिंकलर आहेत का? असतील तर दाबाचा काटा पाहा, शून्यावर नको. पंप चालू स्थितीत आहे का विचारा. टोट्यांवर रंग नको, दोरी नको, आणि त्यांच्या खाली किमान दीड-दोन फूट जागा मोकळी हवी. कपाट छताला भिडलं असेल तर पाणी पसरणारच नाही.

पाचवा: इमारतीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र आहे का? हे नाव लक्षात ठेवा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतीतली आग विझवायची व्यवस्था चालू ठेवणं ही मालकाची किंवा ती इमारत वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, असं तो सांगतो. अशी व्यवस्था असलेल्या इमारतीला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून नमुना ब द्यावा लागतो. कोणत्या इमारतीला स्प्रिंकलर सक्तीचे, हे तिची उंची, आकार आणि वापर यांवर ठरतं. लहान घराला बहुतेक वेळा सक्ती नसते. म्हणून तर लहान होस्टेलांत आपणच विचारायला हवं.

असं विचारलं तर मालक म्हणेल, "तुम्ही पहिल्याच आलात विचारणाऱ्या." म्हणू द्या. दहावी बाई विचारेल तेव्हा तो कुलूप बदलेल.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या घरी छताला पाणी नेता येईल का? खरं सांगते, सहज नाही. स्प्रिंकलरला दाब लागतो. पाण्याची टाकी दहा मीटर उंच असेल, म्हणजे साधारण तीन मजले वर, तेव्हा कुठे एक किलोचा दाब मिळतो. आपली टाकी असते टिनाच्या बाजूला, माणसाच्या डोक्याहून जराशी वर. पंप लावला तर लाईन हवी, आणि आपली लाईन कधी असते ते मी काय सांगू. वावरातला संच घरावर जोडू असं एका भाऊंनी सुचवलं होतं. तो चालू करायला कोणीतरी जागं असायला लागेल, आणि घरात वायर चालू असताना पाणी मारलं तर दुसराच जीव जाईल. हा जुगाड करू नका.

जे करता येईल ते करू. आपल्या घरातली सगळ्यात मोठी आग म्हणजे घरात भरलेला कापूस. भाव मिळेल म्हणून आपण तो अंगाला खाज सुटेपर्यंत मधल्या खोलीत ठेवतो, आणि त्याच्याच बाजूला लेकरं झोपतात. कापसाच्या ढिगात बोर्ड, पिन, मोबाईलचा चार्जर बुडालेला नको. त्या खोलीची वीज वेगळी बंद करता यावी. देवाचा दिवा, कासवछाप त्या खोलीत नको. झोपायची जागा कापूस आणि दार यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे दार तुमच्या बाजूला राहील. कापूस पलीकडे आणि दार त्याच्याही पलीकडे असं नको. आणि कापसाची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. ढीग बाहेर काढून, मोकळा करून, भिजवल्याशिवाय ती विझली असं समजू नका. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग भिंतीला लावून रचू नका.

वायरिंग जुनं असेल तर साखळी कर्जातून आधी ते करा. एमसीबी आणि गळती पकडणारा ईएलसीबी बसवा. तारेचा फ्यूज म्हणून जाड तार गुंडाळू नका. बॅटरीवरची धुराची घंटा ऑनलाईन मिळते, आता फार महाग राहिलेली नाही. ज्या घरात म्हातारी माणसं, बाळंतीण किंवा अंथरुणावरचा माणूस आहे, त्या घरी आधी लावा.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकू नका, भडका उडेल. गॅस बंद करा आणि वर झाकण किंवा परात सरकवा. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटन चालू-बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. आगीसाठी १०१ किंवा ११२. आणि घर सोडताना, माझ्या मैत्रिणीनं केलं तसं, पेटलेल्या खोलीचं दार ओढून घ्या. धूर असेल तर वाकून, जमिनीलगत चाला. एकदा बाहेर आलात की पैशासाठी, पासबुकासाठी परत आत जाऊ नका.

आता गटासाठी एक काम सांगते. पुढच्या बैठकीत शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज आला की फीच्या पावतीबरोबर त्या होस्टेलबद्दल हे पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं इतिवृत्तात लिहायची. ज्या गावात आश्रमशाळा किंवा वसतिगृह आहे, तिथे ग्रामसंघाच्या दोन-तीन जणींनी एकदा जाऊन यायचं. भांडायला नाही, पाहायला. रात्री दार कसं उघडतं एवढं पाहिलं तरी चालेल.

आणि शेवटचं, मुलींच्या आयांसाठी. मुलीनं कधी फोन करून सांगितलं, "आई, आज होस्टेलला बोर्ड जळाला," तर लगेच "बॅग भर आणि घरी ये" म्हणू नका. तसं म्हटलं तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. मी नव्हतं सांगितलं. तिला विचारा, दार उघडलं का? आणि दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी मिळून त्या मालकाकडे जा.

त्या ताईची मुलगी दिवाळीला आली होती. मी विचारलं, कसं आहे होस्टेल? म्हणाली, "चांगलं आहे मॅडम. फक्त कोणी पोळी करपवली की ती धुराची घंटा वाजते, सगळ्या वैतागतात." मी म्हटलं, वैतागू दे. वाजते ना, मग झालं.

बरं, बैठकीची वेळ झाली असेल. बचत काढा, वही उघडा. नमस्कार.